धागा: वय तिशीच्या आत, बीपी १७०, आणि डाव्या हाताची नाडीच लागत नाही

कोरडवाहू

उपकेंद्रात, आरोग्यवर्धिनीत, गावातल्या कॅम्पात जे कोणी बीपी मोजतात त्यांच्यासाठी हा धागा. बाई पंधरा ते चाळीस वयातली, बीपी १६०/१०० च्या वर. अशा वेळी "टेन्शन घेऊ नका" म्हणून बीपीच्या गोळीची, ॲम्लोडिपिन पाचची पट्टी हातात दिली की कारण शोधायचं राहूनच जातं. या वयातलं एवढं बीपी आपोआप येत नाही, मागे काहीतरी असतं. आपल्या देशात तरुण वयात मूत्रपिंडाच्या धमनीमुळे चढणाऱ्या बीपीचं एक मोठं कारण म्हणजे टाकायासूचा आजार.

नाव जपानी आहे. मिकितो टाकायासू या नेत्रतज्ज्ञाने १९०८ साली एका तरुण बाईच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची माळ गुंफल्यासारखी रचना दिसल्याचं मांडलं. पुढे कळलं की मूळ दुखणं डोळ्यात नाही. महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्यांच्या भिंतीला सूज येते, भिंत जाड होते आणि आतली वाट अरुंद होत जाते. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच धमनीवर उलटते. हा चरबी साचण्याचा प्रकार नाही, म्हणून कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं तरी निर्धास्त होऊ नका.

जपानमध्ये वरच्या बाजूच्या, म्हणजे मान आणि हाताच्या धमन्या जास्त धरतात. भारतात पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या धरण्याचं प्रमाण मोठं आहे, त्यामुळे आपल्याकडे हा आजार बरेचदा बीपीच्या रूपातच समोर येतो.

बीपी का चढतं ते शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो, पेशंटलाही असंच समजावता येतं. कालव्याच्या टेलवरच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेताला पाणी कमी आलं की तो शेतकरी वर फोन करतो, "पाणी वाढवा". वरून गेट उघडतात. टेलवर थोडं पोचतं, पण मधल्या सगळ्यांच्या शेतात पाट फुटतो. मूत्रपिंडाची धमनी आवळली की मूत्रपिंडाला वाटतं अंगातला दाबच कमी झाला. ते रेनिन सोडतं, त्यातून अँजिओटेन्सिन बनतं, रक्तवाहिन्या आवळतात, मीठ-पाणी अंगात धरलं जातं. दाब चढतो आणि त्याचा मार हृदयाला, मेंदूला, डोळ्याला बसतो.

आता मोजण्याचं. बहुतेक चुका इथंच होतात.

पेशंटला पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाही. लघवी करून आलेली असावी. अर्धा तास आधीपासून खर्रा, तंबाखू, चहा नको. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून पट्टा बांधला तर ती बाहीच दंडाला आवळते आणि आकडा बिघडतो. बाही सैल करा किंवा हात बाहेर काढायला लावा, आडोसा करून द्या. दंडाचा घेर टेपने मोजा. नेहमीचा मोठ्यांचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंमी घेरासाठी असतो. आपल्याकडे निंदणाला जाणाऱ्या बायांचे दंड १९-२० सेंमीचेही असतात. अशा दंडावर मोठा पट्टा बांधला तर बीपी खरं असतं त्यापेक्षा कमी दिसतं. लहान पट्टा केंद्रात ठेवाच.

मग दोन्ही हात. एकामागून एक, लगेच, आणि फरक आला तर पुन्हा. वरच्या आकड्यात १० मिमीपेक्षा जास्त फरक आला की लक्ष द्यायचं, २० किंवा जास्त आला की वर पाठवायचं. १९९० च्या अमेरिकन निकषांत १० चा फरक धरला होता, २०२२ च्या नव्या निकषांत २० धरला आहे. चाळणी लावताना आपण १० वरच जागं व्हावं.

रोवणी

कोरडवाहू भाऊ, धागा कामाचा आहे जी. एएनसीचं, म्हणजे गरोदर बायांच्या तपासणीचं थोडं जोडते.

गरोदर बाईचं बीपी दर महिन्याला त्याच एका हाताचं घेतलं जाते, कारण खुर्ची-टेबल तसंच मांडलेलं असते. ज्या हाताची धमनी आवळलेली आहे तोच हात वाट्याला आला तर कार्डावर नऊ महिने १००/६० लिहिलं जाते आणि दुसऱ्या हातात १७० असते. म्हणून पहिल्या भेटीत दोन्ही हात मोजायचे, कार्डावर "उजवा" की "डावा" ते लिहायचं आणि पुढं ज्या हाताचं जास्त आलं त्याच हाताचं मोजायचं.

दुसरं. वीस आठवड्यांच्या आधी बीपी १४०/९० च्या वर असेल तर ते सहसा गरोदरपणामुळं आलेलं नसते, ते आधीपासूनचंच असते. त्याले "गरोदरपणाचं बीपी" म्हणून सोडून द्यायचं नाही.

आणि बाई तक्रार कशी सांगते ते ऐका. "हात भरून येतात" म्हणते. कापूस वेचताना, धुणं पिळताना, वेणी घालताना, रोवणीत वाकून हात चालवताना हात जड होतो, दुखतो. थांबलं की दोन-चार मिनिटांत बरं वाटते. पुन्हा काम धरलं की पुन्हा तेच. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या मिळतात. गोळ्या द्याच, पण नाडीही पहा. रक्त कमी असलं तर दोन्ही हात सारखेच थकतात, इथं एकच हात जास्त थकते.

वैनगंगाकाठ

रोवणी सिस्टर म्हणतात ते लाख मोलाचं आहे. आता नाडीबद्दल.

दोन्ही मनगटांच्या नाड्या एकाच वेळी, दोन हातांनी धरून पहा. एक-एक करून पाहिल्या तर बारीक फरक कळत नाही. हिरव्या बांगड्यांचा चुडा असेल तर वर सरकवून घ्या. मग दंडाची नाडी, मानेच्या दोन्ही नाड्या (या मात्र कधीही एकाच वेळी दाबायच्या नाहीत), जांघेच्या दोन्ही, आणि पायाच्या पंजावरची. जांघेची नाडी मनगटाच्या मागून, उशिरा येत असेल तर महाधमनीतच अडथळा आहे. लहान मुलात किंवा किशोरवयात हे सापडलं तर महाधमनी जन्मतःच आवळलेली असण्याची शक्यता आधी धरा.

स्टेथोस्कोप चार ठिकाणी ठेवा: मानेवर दोन्ही बाजूंना, कॉलरच्या हाडाच्या वरच्या खळग्यात, बेंबीच्या वर मधोमध, आणि बेंबीच्या दोन्ही अंगांना. पोटावर ऐकताना पेशंट उताणी, पोट ढिलं, खोली शांत. फुंकर घातल्यासारखा "श्श... श्श" आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येतो. पंखा बंद केल्याशिवाय तो सापडत नाही.

पायाचं बीपी उपकेंद्रातही घेता येतं. पेशंटला आडवं करा, नेहमीचाच पट्टा घोट्याच्या जरा वर बांधा, पंजावरची किंवा घोट्याच्या आतल्या बाजूची नाडी बोटाने धरा. नाडी नाहीशी होईपर्यंत हवा भरा, मग सेकंदाला दोन मिमीच्या वेगाने सोडा. नाडी परत लागली तो आकडा वरचं बीपी. निरोगी माणसात पायाचं वरचं बीपी हातापेक्षा थोडं जास्तच असतं. पायाला हाताने भागलं आणि ०.९ पेक्षा कमी आलं तर पायाकडे जाणारी वाट अरुंद आहे.

यात एक सापळा आहे. दोन्ही हातांच्या धमन्या बंद असतील तर दोन्ही हातांचं बीपी ९० येतं, दोन्ही सारखंच येतं, आणि आपण "लो बीपी" म्हणून मीठ-साखर-पाणी प्यायला सांगतो. आत महाधमनीत दाब २०० असू शकतो. अशा पेशंटचं खरं बीपी पायातच कळतं. चारही हातपायांच्या धमन्या आवळलेल्या असतील तर बाहेरून मोजून काहीच कळत नाही. तिथं डोळ्याचा पडदा तपासा, इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची भिंत जाड झाली आहे का पहा, आणि नक्की आकडा हवा तर कॅथलॅबमध्ये नळी आत घालूनच दाब मोजावा लागतो. तरुण बाईला "लो बीपी" आणि सोबत दम लागतोय, डोकं दुखतंय, नजर अंधुक होतेय, हे एकत्र दिसलं की पाय मोजल्याशिवाय तिला घरी पाठवू नका.

पळसफूल

सुरुवातीचा टप्पा कोणीच लिहिला नाही म्हणून मी लिहिते. नाड्या जायच्या आधी काही महिने, कधी वर्षं, नुसताच बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम, अंग दुखणं, मानेत एका बाजूला धमनीवर दाबलं की दुखणं. आपल्या भागात अशा तापाला पहिला संशय टीबीचा येतो आणि तो यायलाच हवा. थुंकी तपासा, एक्स-रे काढा. पण जंतू कुठेच सापडला नाही, गाठ नाही, फुफ्फुस स्वच्छ, तरी नुसत्या अंदाजावर टीबीच्या गोळ्या सुरू असतील आणि दोन महिन्यांतही ताप हलत नसेल, तर चारही अंगांच्या नाड्या पुन्हा पहा.

ईएसआर आणि सीआरपी, या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, बहुतेकदा वाढलेल्या असतात. नॉर्मल आल्या म्हणजे आजार झोपला असं मात्र नाही, त्या नॉर्मल असतानाही भिंतीत सूज चालू राहू शकते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडच्यांनी एक गोष्ट खास ध्यानात ठेवा. सिकलसेलच्या एसएस रुग्णात (आई-बाप दोघांकडून दोष आलेला) ईएसआर मुळातच कमी येतो, कारण कोयत्यासारख्या वाकलेल्या पेशींची चळत लागत नाही आणि त्या खाली लवकर बसत नाहीत. तिथं सीआरपी करा, ईएसआरवर भिस्त ठेवू नका.

छायाकिरण

तपासण्यांबद्दल. नुसती "पोटाची सोनोग्राफी" असं लिहून पाठवलं तर रिपोर्ट "नॉर्मल" येऊन पेशंट परत जातो, कारण साध्या सोनोग्राफीत धमनीचा प्रवाह कोणी मोजत नाही. चिठ्ठीवर "दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्यांचा डॉप्लर" असं स्पष्ट लिहा. सहा ते आठ तास उपाशीपोटी पाठवा, आतड्यात गॅस असला की धमनीचं मूळ दिसत नाही. सकाळच्या एसटीने निघालेली बाई वाटेत नाश्ता करते आणि तपासणी वाया जाते, म्हणून हे तोंडी दोनदा सांगा. सकाळची बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच, ती बंद नाही.

डॉप्लरमध्ये धमनीतला सर्वोच्च वेग सेकंदाला १८० ते २०० सेंमीच्या वर गेला की अरुंदपणाचा संशय. मूत्रपिंडाच्या धमनीतला वेग महाधमनीच्या साडेतीन पटींहून जास्त असेल तर अरुंदपणा ६० टक्क्यांच्या पुढे धरतात. साध्या सोनोग्राफीतही एक खूण मिळते: दोन मूत्रपिंडांच्या लांबीत दीड सेंमीहून जास्त फरक. असा रिपोर्ट हातात आला तर "एक किडनी जन्मतः लहान" म्हणून फाइलमध्ये घालू नका.

मानेचा डॉप्लरही मागवा. टाकायासूत धमनीची भिंत चहूबाजूंनी एकसारखी जाड दिसते, आडव्या छेदात मॅकरोनीच्या नळीसारखी. चरबीचा थर असता तर तो एका बाजूला, ओबडधोबड दिसला असता.

खरा नकाशा सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीत मिळतो. मानेपासून जांघेपर्यंत पूर्ण महाधमनी मागवा, नुसतं पोट नको. सीटीच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, पाहिजे. गरोदर असेल तर सीटी नाही.

मेळघाटी

एक शंका. ही सगळी खटपट फक्त तरुण बायांसाठी का? साठीतला, खर्रा खाणारा, शुगरवाला माणूस, तीन गोळ्यांवरही ज्याचं बीपी १८०, त्याचीही धमनी आवळलेलीच असणार ना?

वैनगंगाकाठ

असू शकते, पण कारण वेगळं आणि उपायही वेगळा. त्याच्या धमनीच्या तोंडाशी चरबी-चुन्याचा थर साचलेला असतो. त्याचा उपचार म्हणजे खर्रा-बिडी बंद, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी, शुगर ताब्यात आणि बीपीच्या गोळ्या नियमित. अशा रुग्णांत सरसकट स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, टाकून गोळ्यांपेक्षा जास्त फायदा होत नाही हे २०१४ च्या कोरल चाचणीत दिसलं. वारंवार अचानक फुफ्फुसात पाणी भरत असेल किंवा बीपी कशानेच आवरत नसेल, तर गोष्ट वेगळी.

तिसरा एक प्रकार आहे, फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेशिया. तोही बायकांत जास्त. त्यात सूज नसते, धमनीच्या मधल्या भागात मण्यांच्या माळेसारखे फुगवटे आणि आवळे दिसतात. तिथं नुसता धमनीत फुगा घालून, तो फुगवून वाट मोकळी केली की बरेचदा चांगला फरक पडतो. तिन्हींत बीपी सारखंच चढतं, पण टाकायासूला सूज दाबणारं स्टेरॉइड लागतं आणि बाकी दोघांना दिलं तर नुसतं नुकसान. म्हणून आधी नक्की निदान.

औषधपेढी

औषधाच्या दुकानाच्या बाजूने लिहितो. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल, या बीपीच्या गोळ्या मूत्रपिंडाच्या धमन्या आवळलेल्या असताना जपून द्याव्या लागतात. आवळलेल्या धमनीच्या पुढं मूत्रपिंड कसंबसं गाळत राहतं ते अँजिओटेन्सिनच्याच जोरावर. या गोळ्या तो जोरच काढून घेतात. एका बाजूची धमनी आवळलेली असेल आणि दुसरं मूत्रपिंड ठणठणीत असेल तर देखरेखीखाली चालतात, कामही चांगलं करतात. दोन्ही बाजू आवळलेल्या, किंवा एकच मूत्रपिंड आणि तेच आवळलेलं, असं असेल तर लघवी कमी होऊन क्रिएटिनिन झपाट्याने चढतं.

नियम असा: सुरू करण्याआधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, सुरू केल्यावर एक ते दोन आठवड्यांत पुन्हा. क्रिएटिनिन आधीच्या ३० टक्क्यांहून जास्त चढलं, समजा ०.९ वरून १.३ झालं, तर गोळी थांबवून डॉक्टरांना गाठा. ही वाढ स्वतःच एक इशारा आहे, धमन्या तपासा असं ती सांगते. गरोदरपणात या गोळ्या नाहीतच. तिथं लॅबेटालॉल, निफेडिपिनची हळूहळू सुटणारी गोळी, किंवा मेथिलडोपा.

आणि एक हात जोडून विनंती. बीपी २०० दिसलं की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली पिळायची पद्धत अजून गावागावात आहे. दाब धाडकन पडतो. ज्या बाईच्या मानेच्या धमन्या आधीच आवळलेल्या आहेत तिच्या मेंदूला रक्त पोचत नाही आणि अर्धांगवायू होतो. १८०/१२० च्या वर बीपी आणि सोबत दम, झटका, छातीत दुखणं, नजर जाणं किंवा शुद्ध हरपणं यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन. यातलं काही नसेल तर शांत बसवून पुन्हा मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

हात दुखतो म्हणून डायक्लोफेनॅकची पट्टी मागायला येतात. ती देऊ नका. बीपीही वाढतं आणि मूत्रपिंडावरही मार.

पळसफूल

स्टेरॉइडबद्दल लोकांच्या मनात फार भीती आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते. आजार पेटलेला असताना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिवसाला ४० ते ६० मिग्रॅने सुरू करतात, वजन पाहून. सकाळी, नाश्त्यानंतर. दोन-तीन महिन्यांत १५ ते २० मिग्रॅवर आणतात, वर्षभराने १० किंवा त्याहून खाली. सोबत सुरुवातीपासून प्रतिकारशक्ती आवरणारं दुसरं औषध लागतंच, मेथोट्रेक्सेट, ॲझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट, नाहीतर स्टेरॉइड कमी करताच आजार उसळतो. एवढ्यानेही आवरला नाही तर टोसिलिझुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत, ती महाग आहेत आणि त्याआधी दबून बसलेला टीबी तपासावा लागतो.

स्टेरॉइड अचानक बंद करायचं नाही. चेहरा सुजला म्हणून, शेजारीण म्हणाली म्हणून, पट्टी संपली आणि पेरणीच्या घाईत तालुक्याला जाणं झालं नाही म्हणून, ही तिन्ही कारणं नेहमीची. महिनोन्महिने गोळी घेतलेल्या शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. अचानक तोडलं की उलट्या, चक्कर, बीपी कोसळणं, जिवावर बेतू शकतं. पट्टीत दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढची आणायची, असं घरच्या माणसालाही सांगून ठेवा. कॅल्शियम-व्हिटॅमिन डी सोबत, आणि शुगर अधूनमधून तपासा.

औषधपेढी

मेथोट्रेक्सेटवर अजून एक. ही गोळी आठवड्यातून एकदाच. रोज घेतली गेली की तोंड सोलतं, रक्तातल्या पेशी पडतात, माणूस दगावतो. आम्ही पाकिटावर "आठवड्यातून एकदा" असं तारीख-वारासकट लाल पेनाने लिहितो. त्याहून पक्कं काम करणारी युक्ती म्हणजे गावचा बाजाराचा दिवस. "बाजाराच्या दिवशी रात्री जेवल्यावर" हे वाचता न येणारी आजीही विसरत नाही. फॉलिक ॲसिड ५ मिग्रॅ दुसऱ्या दिवशी, त्याच दिवशी नाही. दोन्ही गोळ्या पिवळ्या असल्या तर वेगवेगळ्या डब्यांत. सुरुवातीला दोन-चार आठवड्यांनी, नंतर दोन-तीन महिन्यांनी रक्तातल्या पेशींची मोजणी, एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि क्रिएटिनिन.

मूल हवं असेल तर मेथोट्रेक्सेट किमान तीन महिने आधी थांबवावी लागते आणि मायकोफेनोलेट किमान सहा आठवडे. तोवर पाळी लांबवणारी खात्रीची साधनं. हे लग्न ठरतानाच बोललं पाहिजे, तेव्हा कोणी बोलत नाही.

रोवणी

ताई, तुम्ही लिहिलं ते बरोबर. फक्त "पाळी लांबवणारी" नाही, "पाळणा लांबवणारी" म्हणा, बाया चुकीचं समजतात 🙏 आणि बीपी जास्त असलेल्या बाईले दोन हार्मोन असलेली माला-एन गोळी देऊ नका. कॉपर-टी किंवा दुसरं काही, डॉक्टरांना विचारून.

औषधपेढी

ताई नाही, दादा आहे मी 🙂 चूक मान्य, पाळणाच.

मेळघाटी

मग फुगा फुगवून धमनी मोकळी करायची की नाही? नातेवाइकांचा पहिला प्रश्न तोच असतो, "ब्लॉक आहे तर काढून टाका ना".

वैनगंगाकाठ

करायची, पण वेळ साधून. भिंत सुजलेली असताना फुगवलेली धमनी पुन्हा आवळण्याची शक्यता जास्त. आधी औषधांनी आजार शांत करायचा, मग फुगा. लोखंड तापलेलं असताना घाव घाला, ही म्हण इथं उलटी लागू होते. बीपी कशानेच आवरत नाही, फुफ्फुसात पाणी भरतंय, मूत्रपिंड बंद पडतंय, अशा वेळी मात्र थांबता येत नाही.

आणि फुगवल्यावर बीपी उतरलं तरी प्रेडनिसोलोन, मेथोट्रेक्सेट चालूच. हे नातेवाइकांना ऑपरेशनच्या आधी सांगा, नंतर सांगितलेलं पटत नाही.

कुठं पाठवायचं? संधिवात-तज्ज्ञ, हृदयरोग-तज्ज्ञ आणि कॅथलॅब (धमनीत नळी घालून काम करायची खोली) एका छताखाली असतील तिथं. नागपूरचं मेडिकल आणि त्याचं सुपर स्पेशालिटी, एम्स नागपूर, वर्ध्याजवळची सेवाग्राम आणि सावंगीची मेडिकल कॉलेजं, यापैकी जे जवळ पडेल ते. जाण्याआधी कोणता विभाग कोणत्या वारी असतो ते फोनवर विचारून घ्या. रेशन कार्ड आणि आधार सोबत, आणि गेल्या गेल्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटून त्या प्रक्रियेची मंजुरी विचारा.

कोरडवाहू

रेफरची चिठ्ठी कशी लिहायची ते सांगून ठेवतो, कारण "बीपी हाय, रेफर्ड" एवढ्यावर तिथला निवासी डॉक्टर पुन्हा एकाच हाताचं बीपी घेतो.

चिठ्ठीवर एवढं हवंच: उजवा हात, डावा हात, उजवा पाय, डावा पाय, चार आकडे. कोणती नाडी लागत नाही. आवाज कुठे ऐकू आला. पाळीची शेवटची तारीख. चालू गोळ्या, पट्टीच सोबत द्या. टीबीची औषधं कधी घेतली होती का. सिकलसेलचा रिपोर्ट. क्रिएटिनिन केलं असेल तर तारखेसह.

आणि पेशंटच्या वहीच्या पुठ्ठ्यावर, आत नाही, बाहेर, मोठ्या अक्षरात: "बीपी उजव्याच हाताचं घ्यावं" किंवा जो हात खरा आकडा दाखवतो तो. बाईलाही तोंडपाठ करून द्या. पुढच्या वेळी कोणी डाव्या हाताला पट्टा बांधायला लागलं तर तिनंच म्हटलं पाहिजे, "हा नाही जी, तो हात घ्या."